सावली जुळली की ओळख पटते
संगणकावर तयार होणाऱ्या आठवणींच्या वहीविषयी

जुन्या मराठी घरांतील छायाचित्रांच्या अल्बमचे एक ठरावीक रूप असे. काळी जाड पाने, दोन पानांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी उठवलेला पातळ कागद, आणि प्रत्येक छायाचित्राची चार टोके धरून ठेवणारे इवलेसे त्रिकोणी कोपरे. त्याच घरातील मुलांच्या पुस्तकांत जाळीदार झालेले पिंपळपान सापडे, मोरपीस सापडे, एखाद्या वहीत आगगाडीचे पुठ्ठ्याचे तिकीट चिकटवलेले असे. आठवण जपताना छायाचित्राच्या जोडीला एखादी वस्तू ठेवण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. शाळकरी मुलांची चिकटवही हा तिचाच एक प्रकार होय.

आता ही चिकटवही संगणकावर तयार होऊ लागली आहे. नातवंडे आजी-आजोबांच्या जुन्या छायाचित्रांच्या प्रती काढतात, त्यांभोवती फिती, बटणे, फुले, कागदाचे तुकडे मांडतात आणि पाने छापून वही बांधून घेतात. हौसेने केलेल्या अशा अनेक वह्यांत एक उणीव राहते. बटण कागदावर टेकलेले न दिसता अधांतरी तरंगताना दिसते, रिबीन कापडाची न वाटता रंगाचा पट्टा वाटते आणि फूल छायाचित्राहून मोठे होऊन बसते. तरुण डोळ्याला हे केवळ विजोड वाटेल. परंतु ज्यांची दृष्टी मंदावली आहे किंवा स्मरणशक्ती क्षीण होत आहे, त्यांच्या बाबतीत प्रश्न ओळख पटण्याचा असतो. वस्तू वस्तूसारखी दिसली, तरच तिच्यामागची आठवण जागी होण्याची शक्यता असते.

आठवणींच्या वहीचा उपयोग

वृद्धापकाळी माणूस गतकाळाकडे वळतो, ही गोष्ट एके काळी मनाच्या दुर्बलतेचे लक्षण मानली जाई. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ साली एका निबंधातून वेगळा विचार मांडला. आपल्या आयुष्याचा आढावा घेणे ही उतारवयातील स्वाभाविक आणि उपयुक्त मानसिक प्रक्रिया आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी छायाचित्रे, जुनी गाणी व परिचित वस्तू यांच्या साहाय्याने गप्पा घडवून आणण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली. वयस्क माणसांना साधारणतः दहा ते तीस या वयातील प्रसंग अधिक विपुलतेने आठवतात, असेही मानसशास्त्राच्या अभ्यासकांना दिसून आले आहे. म्हणून वहीसाठी वस्तू निवडताना त्या काळाकडे प्रथम पाहावे.

या पद्धतीकडून अवास्तव अपेक्षा मात्र ठेवू नयेत. २०१८ साली कोक्रेन या संस्थेने अशा २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात काही रुग्णांच्या जीवनमानात, संवादात व मनःस्थितीत लाभ आढळले. पण ते बहुधा अल्प होते आणि सर्वत्र सारखे नव्हते. वही हे औषध नव्हे. दुपारच्या रिकाम्या वेळी दोन माणसांना एकत्र बसवणारे ते एक साधन आहे, आणि शुश्रूषा करणाऱ्याला एवढेही पुष्कळ असते.

खऱ्या वस्तू का चिकटवू नयेत?

समजा, शिवणकाम करून ज्यांनी घर चालवले अशा एका आजींसाठी पान तयार करावयाचे आहे. शिवणयंत्रावर बसलेल्या आजींचे एक कृष्णधवल छायाचित्र मध्यभागी आहे. त्याच्या भोवती चार बटणे, दोऱ्याचे रीळ, मापाची टेप, बोटात घालायचे अंगुस्तान आणि एक टाचणी ठेवता आली, तर त्या पानाशी आजींचा हात चटकन बोलू लागेल.

या वस्तू प्रत्यक्ष चिकटवण्यात मोठी जोखीम असते. स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांना खाद्य आणि अखाद्य यांतील भेद उमगेनासा होतो. सुटलेले बटण तोंडात जाऊन घशात अडकू शकते, टाचणी बोटात रुतते. लोखंडी वस्तू आपल्या दमट हवेत गंजतात व छायाचित्रावर डाग पाडतात. सुकलेल्या फुलांना बुरशी व कसर लागते, आणि दम्याच्या रुग्णाला तो त्रास वेगळाच. शिवाय अशी वही फुगते व सपाट उघडत नाही. संगणकीय सजावटीत हे धोके टळतात, आणि मूळ वस्तू डब्यात सुरक्षित राहतात. राहतो तो एकच प्रश्न, सपाट कागदावर ती वस्तू खरी कशी दिसावी?

घरातील वस्तूचीच प्रतिमा घ्यावी

बाजारात तयार सजावटीचे संच मिळतात. त्यांतील बटण सुबक असते, पण ते आजींच्या डब्यातले नसते. घरातील वस्तूची प्रतिमा घेणे कठीण नाही. साधा सपाट काचेचा स्कॅनर त्यासाठी पुरतो. काचेला ओरखडे पडू नयेत म्हणून तिच्यावर स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि त्यावर वस्तू उपड्या ठेवाव्यात. फिक्या वस्तूंसाठी झाकण उघडे ठेवून खोलीत अंधार करावा, म्हणजे पार्श्वभूमी काळी येते व वस्तू वेगळी काढणे सोपे जाते. गडद वस्तूंवर पांढरा कागद अंथरावा.

स्कॅन करताना ३०० डीपीआय हे प्रमाण निवडावे, आणि पानही ३०० डीपीआयचेच घ्यावे. ए-४ आकाराचे पान अशा वेळी २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचे होते. दोन्ही प्रमाणे सारखी असली की वस्तू छापील पानावर आपल्या मूळ आकारात येते. एक सेंटिमीटरचे बटण सुमारे ११८ पिक्सेलचे होऊन छपाईत पुन्हा एक सेंटिमीटरच भरते. या नियमाचे महत्त्व मापाच्या टेपच्या बाबतीत विशेष जाणवते. आयुष्यभर टेप हाताळलेल्या स्त्रीला इंच आखूड झाल्याचे इतरांच्या आधी कळेल, आणि जे पान तिला आपले वाटायला हवे ते परके वाटेल.

स्कॅनर नसल्यास मोबाइलने छायाचित्र घ्यावे. वस्तू पांढऱ्या कागदावर खिडकीजवळ ठेवावी. खिडकी वस्तूच्या डाव्या व वरच्या अंगाला असावी, ऊन थेट पडू नये, फ्लॅश बंद असावा आणि मोबाइल कागदाला समांतर धरावा. शेजारी एक पट्टी ठेवून छायाचित्र घेतले, म्हणजे पुढे खरे माप जुळवता येते.

पानावर उजेड एकाच बाजूचा

वस्तू खोटी दिसण्याचे प्रमुख कारण उजेडात दडलेले असते. निसर्गात उजेड वरून येतो. त्यामुळे आपला मेंदू कोणत्याही चित्रात उजेड वरूनच येत आहे असे गृहीत धरतो. मूळचे भारतीय असलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली 'नेचर' या नियतकालिकातील शोधनिबंधात याचे विवेचन केले आहे. वरची बाजू उजळ व खालची काळसर असलेले वर्तुळ फुगीर भासते. तेच उलटे केले की खळगा भासतो. घरी हा प्रयोग सहज करता येतो. पालथ्या वाटीचे, वरून उजेड पडत असताना घेतलेले छायाचित्र उलटे फिरवून पाहावे. पालथी वाटी बहुधा सुलटी दिसू लागते.

आता पानावरील चार बटणांपैकी दोन फिरवून लावली, तर त्यांच्यावरील चकाकीचे ठिपके दोन वेगवेगळ्या दिशांना जातात. पाहणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, परंतु पान विसंगत असल्याचे जाणवेल. म्हणून प्रथम ठरवावे की या पानावर उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून येत आहे. मग प्रत्येक वस्तूची चकाकी त्या बाजूला आणि सावली खालच्या उजव्या अंगाला असावी. स्कॅनरचा दिवाही वस्तूवर एका ठरावीक बाजूनेच उजेड टाकतो. त्यामुळे बटण पानावर तिरपे हवे असेल, तर ते काचेवरच तिरपे ठेवावे. नंतर संगणकावर फिरवू नये.

फोटोशॉपमध्ये सावलीच्या रचनेत 'यूज ग्लोबल लाइट' अशी चौकट असते. तिच्यावर खूण केली की सर्व वस्तूंच्या सावल्या एकाच दिशेला पडतात. १२० अंशांचा कोन म्हणजे वरच्या डाव्या बाजूचा उजेड. पैसे न मोजता मिळणाऱ्या गिंप या प्रणालीत 'फिल्टर्स'मधील 'लाइट अँड शॅडो' या विभागात सावलीची सोय आहे. तेथे आडवे व उभे अंतर आपणच भरायचे असते; ते प्रत्येक वस्तूसाठी एकाच दिशेचे आहे ना, हे पाहावे.

सावलीचे माप

सावली किती लांब असावी, याचे उत्तर वस्तूच्या जाडीत आहे. उजेड ४५ अंशांनी तिरपा पडत असेल, तर सावलीची लांबी वस्तूच्या उंचीइतकी असते. ३०० डीपीआयच्या पानावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे १२ पिक्सेल. यावरून हिशेब सोपा होतो. साधा कागद एक दशांश मिलिमीटर जाड असतो, म्हणून त्याची सावली एक-दोन पिक्सेलहून अधिक नको. दोन मिलिमीटर जाडीच्या बटणाला २४ पिक्सेलच्या आसपास सावली शोभते. नवख्यांच्या हातून नेमके उलटे घडते. कागदाच्या चिटोऱ्याला बटणाएवढी सावली दिली जाते, आणि तो चिटोरा पानावरून उडून चालल्यासारखा दिसतो.

कोणत्याही प्रणालीत हाताने सावली करण्याची एक रीत आहे. वस्तूच्या थराची, म्हणजे लेयरची, एक प्रत काढावी व ती मूळ थराच्या खाली ठेवावी. त्या प्रतीत एकसारखा गडद रंग भरावा, ती थोडी धूसर करावी, ठरलेल्या अंतराने सरकवावी आणि तिची ओपॅसिटी ३० ते ४० टक्क्यांवर आणावी. थराचा प्रकार 'मल्टिप्लाय' ठेवला की खालचा कागद सावलीतून दिसत राहतो. सावलीसाठी निखळ काळा रंग घेऊ नये. साईच्या रंगाच्या कागदावर गडद तपकिरी, निळसर कागदावर गडद करडानिळा रंग अधिक स्वाभाविक वाटतो.

खऱ्या वस्तूला बारकाईने पाहिल्यास तिच्या दोन सावल्या दिसतात. वस्तू जिथे कागदाला टेकते तिथे एक अरुंद, गडद, रेखीव कड असते. तिच्या पलीकडे दुसरी, फिकी व पसरट सावली असते. या दोन्ही स्वतंत्र थरांवर केल्या की तरंगणारे बटण कागदावर टेकते. मापाच्या टेपसारख्या वळलेल्या वस्तूची सावली सर्वत्र सारखी नसते. टेप जिथे उचललेली आहे तिथे सावली दूर व मऊ, आणि जिथे टेकलेली आहे तिथे जवळ व गडद असते. फोटोशॉपमध्ये 'क्रिएट लेयर' ही आज्ञा दिली की सावली वेगळ्या थरावर येते, आणि मग 'वॉर्प'ने तिला हवे तसे वाकवता येते.

वस्तूंचे परस्पर नाते

खऱ्या वहीत वस्तू एकमेकींना धरून असतात. बटण दोऱ्याने टाकलेले असते, टाचणी कापडात एकदा शिरून पुन्हा वर येते. संगणकावर हे दाखवण्यासाठी टाचणीचा मधला भाग मास्क लावून झाकावा; पुसून टाकू नये, म्हणजे चूक सुधारता येते. जिथे टाचणी कापडात शिरते त्या दोन ठिकाणी चिमूटभर गडद छटा द्यावी. बटणाच्या छिद्रांतून पानाचा कागद दिसला पाहिजे. स्कॅन करतानाची पांढरी पार्श्वभूमी छिद्रात राहून गेली, तर सारी मेहनत वाया जाते. वस्तूच्या कडेला राहणारी पांढरी रेघही अशीच घात करते. निवड एक-दोन पिक्सेलने आत घेतली की ती नाहीशी होते.

छायाचित्र जुने, किंचित पिवळसर आणि वस्तू मात्र लखलखीत, असेही होऊ देऊ नये. वस्तूच्या रंगांचा भडकपणा थोडा उतरवावा. मात्र आजींच्या दोऱ्याचा रंग ओळखू येईल एवढा तो राखावा.

वयस्क डोळ्यांचा विचार

वाढत्या वयात डोळ्यातील भिंग पिवळट होते आणि बाहुली आकुंचन पावते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांशच उजेड पोहोचतो. निळा व काळा, निळा व हिरवा यांतील फरक अस्पष्ट होतो. मोतीबिंदू असल्यास चकाकी सहन होत नाही. यावरून काही नियम निघतात. पानाची पार्श्वभूमी साधी व फिकी असावी. एका पानावर एक छायाचित्र आणि तीन-चार वस्तू पुरेत. नावे व वर्षे किमान १८ पॉइंटच्या ठळक अक्षरांत असावीत. सावली वस्तूला उठाव देईल इतकीच असावी, तिने अक्षरांवर आक्रमण करू नये. छपाई चकचकीत कागदावर न करता मॅट कागदावर करावी, आणि पान सपाट उघडावे म्हणून बांधणी स्पायरलची घ्यावी.

जे ज्येष्ठ स्वतः संगणकावर हे काम करतात, त्यांनी माउसचा बाण मोठा करून घ्यावा. दर २० मिनिटांनी २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे. एका बैठकीत एकच वस्तू पूर्ण करण्याचा नेम ठेवला, तर मान व डोळे दोन्ही सुखी राहतात.

भासाला मर्यादा हवी

खरेपणाची हौस रुग्णाच्या अवस्थेपुढे थांबली पाहिजे. स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांना जमिनीवरील काळी चटई खड्डा वाटते, फरशीवरील ठिपके कचरा समजून ते वेचू लागतात. पानावरील गडद सावली त्यांना भोक वाटू शकते, खरे दिसणारे बटण ते नखाने उचलू पाहतात. एकदा हसून उचलू पाहणे वेगळे, आणि न उचलले गेल्यामुळे पुनःपुन्हा अस्वस्थ होणे वेगळे. असे दिसल्यास ते पान बदलावे, सावल्या फिक्या कराव्यात किंवा वस्तूंना सरळ चौकटीत बसवून त्या चित्र म्हणूनच दाखवाव्यात. गोळ्या, मिठाई, किडे किंवा चाकू यांसारख्या प्रतिमा अशा वहीत मुळीच नकोत.

दुसरी मर्यादा छायाचित्राची. सजावटीसाठी जी साधने वापरली जातात, त्यांनीच माणूसही एका छायाचित्रातून दुसऱ्यात नेता येतो. लग्नाला न आलेले काका मांडवात उभे करता येतात, आजोबांच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या पुसता येतात. हे करू नये. ज्याच्या स्मरणाचा आधार आधीच डळमळीत आहे, त्याला न घडलेला प्रसंग घडलेला म्हणून दाखवणे अन्यायाचे आहे. ओरखडे व बुरशीचे डाग काढावेत, कोपरे सरळ करावेत. चेहरे व माणसे जशी आहेत तशी ठेवावीत. मूळ छायाचित्राची न बदललेली प्रत वेगळी जपावी.

वही हाती देताना

वस्तू निवडण्याचे काम शक्यतो ज्येष्ठांबरोबर बसून करावे. बटणांचा डबा त्यांच्यापुढे उघडावा, वस्तू हातात घेऊ द्यावी, ते काय सांगतात ते लिहून घ्यावे. कारण प्रतिमेला स्पर्श नसतो, वास नसतो. बकुळीचे फूल सुकले तरी त्याचा गंध टिकतो, छापील बकुळीला तो येणार नाही. वही पाहताना मूळ वस्तूंपैकी एखादी निर्धोक वस्तू, जसे खणाचा तुकडा किंवा गोधडीचा कोपरा, आपल्या देखत त्यांच्या हाती द्यावी. दृष्टी फारच अधू असलेल्यांना याचा पानापेक्षाही अधिक उपयोग होतो.

'हा कोण, सांग पाहू' असे प्रश्न विचारून वहीची परीक्षा करू नये. 'आजी, हे तुमच्या यंत्रावरचे रीळ दिसते आहे' असे म्हणून थांबावे. उत्तर आले तर ऐकावे, चुकीचे आले तर दुरुस्त करू नये. एखाद्या पानाने डोळे भरून आले, तर हात धरून बसावे. पण तेच पान रोज उघडू नये. पानाची संगणकीय मूळ प्रत थरांसह जपून ठेवलेली असली, म्हणजे जे नको वाटते ते काढता येते आणि नव्याने आठवलेले जोडता येते. पहिल्या पानासाठी एक छायाचित्र, घरातले एक बटण आणि त्याची एक नीट पडलेली सावली एवढेही पुरे आहे.